डब्यातला फोटो

आमच्या सीटी स्कॅन विभागातल्या तंत्रज्ञाला सगळे श्वासराव म्हणायचे. त्याचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि तिथेच राहिलं. दिवसभरात साठ-सत्तर वेळा तो माईकवर तीनच वाक्यं बोलायचा: "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." यंत्रात एका बाईचा रेकॉर्ड केलेला गोड आवाज आयता होता, पण श्वासरावाने तो पहिल्या आठवड्यातच बंद केला. म्हणायचा, समोरचा माणूस घाबरलाय हे त्या बाईला कळत नाही. अठ्ठावीस वर्षं हेच. लिफ्टमध्ये तो भेटला की ओळखीचे लोक मुद्दाम छाती फुगवून, गाल फुगवून उभे राहायचे आणि तो "सोडा" म्हणेपर्यंत तसेच थांबायचे.

मी त्याच्या शेजारच्या खिडकीत नाव-नोंदणीला बसायचो. माझी खिडकी आणि मॅडम जिथे बसून रिपोर्ट लिहायच्या ती खोली, यांच्यामध्ये प्लायवूडची एक पातळ भिंत होती. त्या भिंतीने माझं पोट भरलं नाही, पण करमणुकीची कधी ददात पडू दिली नाही. पुढे जे सांगतोय त्यातलं निम्मं त्या भिंतीतून आलेलं आहे, बाकीचं श्वासरावाने स्वतः सांगितलेलं.

श्वासरावाची एक गोष्ट नजरेत भरायची. त्याचे गाल. पन्नाशी उलटली तरी गाल असे गुळगुळीत की सिस्टर मंडळी हेव्याने बघायच्या. कारण साधं होतं. त्याचा थोरला भाऊ न्हावी. खाली भावाचं दुकान, त्याच्या मागे भावाचं बिऱ्हाड, वरच्या एका खोलीत श्वासराव. लग्न केलं नाही. का केलं नाही यावर मी बरीच वर्षं घालवली, पण हाती काही लागलं नाही. रोज सकाळी सातला दुकान उघडायच्या आधी खुर्चीत पहिली दाढी त्याची व्हायची. मग वहिनी हातात डबा द्यायची, आणि हा कामावर.

भावाला सगळा रस्ता दादा म्हणायचा. दादाच्या दुकानात तीन खुर्च्या होत्या. दोन गिऱ्हाइकांना, आणि तिसरी नुसत्या गप्पा मारायला येणाऱ्यांना. त्या तिसऱ्या खुर्चीची गादी फाटेपर्यंत मी तिच्यावर बसलोय. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणी केस कोणासाठी काळे केले, सगळं तिथे कळायचं. आईबाप लवकर गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता आणि धाकटा आठचा. लोकांची डोकी भादरून दादाने त्याला शिकवलं. "ह्याच्या सर्टिफिकेटात निम्म्या गावाचे केस आहेत," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

हा दादा दिवसभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवायचा, पण सुई दिसली की पांढराफटक. एकदा टिटॅनसचं इंजेक्शन घ्यायला गेला आणि सिस्टरने कापूस लावताच खाली बसला. वहिनीने हे सगळ्या रस्त्याला सांगितलं होतं. "माझा वाघ," म्हणायची, "मांजरीच्या नखाला घाबरतो."

आता डब्यातला फोटो म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे दुपारी एक ते दोन विभाग बंद. यंत्राला विश्रांती, माणसांना डबा. त्या तासात कर्मचाऱ्यांपैकी कोणाचा तरी नातलग मागच्या दाराने यायचा, टेबलावर आडवा व्हायचा, पाच मिनिटांत त्याचा फोटो निघायचा. माझ्या खिडकीवर नोंद नाही. मॅडमचा रिपोर्ट नाही. तंत्रज्ञाने पडद्यावर बघायचं आणि सांगायचं, काही नाही, जा घरी. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. आपल्या माणसाची रांग चुकावी, त्याला लवकर कळावं, एवढंच. पण यंत्राला नाव दिल्याशिवाय ते हलत नाही. त्यावर तोड अशी: रोज सकाळी यंत्र बरोबर दाखवतंय ना हे तपासायला पाण्याने भरलेला एक गोल डबा टेबलावर ठेवून त्याचा फोटो काढतात, आणि नावाच्या जागी 'पाणी' लिहितात. मग दुपारच्या पाहुण्याचं नाव 'पाणी दोन'. दुसरा आला तर 'पाणी तीन'. माझ्या मेहुण्याची कंबर अजून त्या यंत्रात पाणी म्हणून पडली असेल. तो बोलायला लागला की मला वाटतं, यंत्र फारसं चुकलेलं नाही.

तर एके दिवशी दादाच्या लघवीतून रक्त गेलं आणि डाव्या कुशीत कळ उठली. वहिनी म्हणाली, डॉक्टरकडे चला. दादा म्हणाला, "घरात अर्धा डॉक्टर पाळलाय तो कशाला?" अर्धा डॉक्टर वरून जिना उतरत होता. त्याने कळ कुठे आहे ते विचारलं आणि म्हणाला, "खडा असणार. दुपारी ये डबा घेऊन."

दादा खरोखरच डबा घेऊन आला. मागच्या दाराने येताना माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, जसं काही आम्ही दोघं तिजोरी फोडायला निघालोय. आत टेबलावर आडवा झाला आणि पहिला प्रश्न:

"सुई आहे?"

"डाय द्यायची तर आहे," श्वासराव म्हणाला. "डाय रक्तात गेली की शिरा चमकतात, सगळं वेगवेगळं दिसतं."

"डाय मी लोकांच्या डोक्याला लावतो. माझ्या रक्तात कशाला?"

"बरं, राहू दे. खड्याला डाय लागत नाही. तो तसाच पांढरा दिसतो. श्वास घे."

"तू घे म्हणालास म्हणून घेतो हं."

"धर. बोलू नकोस."

खडा सापडला. डावीकडे, मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीत, तांदळाच्या दाण्याएवढा. श्वासरावाने काचेतून अंगठा दाखवला. दादाने आडव्या आडव्याच दोन अंगठे दाखवले. आठ दिवस पाणी पिऊन पिऊन खडा पडला, आणि दादाने तो ब्लेडच्या रिकाम्या डबीत घालून आरशाखाली ठेवला. गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावला, म्हणजे त्याला बोलता येईनासं झालं, की दादा डबी उघडायचा. "हा बघा. माझ्या भावाने पकडला."

श्वासराव डावीकडे खडा शोधत होता, तो डावीकडे सापडला, आणि शोधणं तिथेच थांबलं. त्याच फोटोत उजवं मूत्रपिंडही होतं. ते त्याने पाहिलं नाही. डबा गार होत होता.

सात महिने गेले. दादाचे पाय सुजायला लागले. दिवसभर उभं राहणाऱ्याचे पाय सुजतात, त्यात कोणाला काय वाटणार? मग पोटाच्या कातडीवर हिरव्या-निळ्या शिरा उठल्या. दादाने शर्ट वर करून मला दाखवल्या. "म्हातारपणी नक्षी आली बघा." मी हसलो. खोटं कशाला सांगू, चांगला मोठ्याने हसलो. पँट सैल झाली, तर त्याने पट्ट्याला कात्रीच्या टोकाने नवं भोक पाडलं. पुन्हा रक्त गेलं, या वेळी न दुखता. दादा म्हणाला, दुसरा खडा, जोडी झाली. पण वहिनीने ऐकलं नाही. "अर्धा डॉक्टर पुरे झाला," म्हणाली, "आता मला पुरा दाखवा." आणि समोरच्या दाराने, सकाळी, रांगेत उभी राहून त्याला घेऊन आली.

बाह्यरुग्ण विभागातून सोनोग्राफी, सोनोग्राफीतून चिठ्ठी घेऊन थेट आमच्याकडे. चिठ्ठीवर लिहिलं होतं: उजव्या मूत्रपिंडात गाठ, मोठ्या शिरेत काहीतरी, डाय देऊन सीटी करावा. नाव मी माझ्या हाताने लिहिलं. वीस वर्षं त्याच्या खुर्चीत बसलो, पण त्याचं पूर्ण नाव मला त्या दिवशी कळलं.

"काय हो," दादा खिडकीतून म्हणाला, "मानेवरचे केस वाढलेत तुमचे. उद्या या."

सिस्टरने सुई टोचली तेव्हा तो पडला नाही. डोळे मिटून मोठ्याने दुकानातल्या वस्तू मोजत होता: दोन कात्र्या, तीन वस्तरे, एक ब्रश. श्वासराव माईकवर म्हणाला, "आता अंगात गरम वाटेल. लघवी झाल्यासारखं वाटेल. होत नाही, नुसतं वाटतं."

"झाली तर तू पुसशील," दादा म्हणाला.

"श्वास घ्या," श्वासराव म्हणाला. भावाला त्याने जन्मात अहो-जाहो केलं नव्हतं. माईकची सवय.

आता मॅडम. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टर. कडक, बोलायला कमी, आणि चुकलेल्या माणसाला कधी ओरडायच्या नाहीत, त्यामुळे लोक जास्त घाबरायचे. त्या पडद्यासमोर बसल्या, श्वासराव मागे उभा राहिला, आणि मी भिंतीला डावा कान लावला.

उजव्या मूत्रपिंडाच्या वरच्या अंगाला मोसंबीएवढी गाठ होती. गाठ तिथेच थांबली असती तर मूत्रपिंड काढून माणूस घरी जातो. पण मूत्रपिंडाचा हा कॅन्सर कधी कधी शिरेत शिरतो. मूत्रपिंडातून निघालेली शीर पोटातल्या मोठ्या शिरेला मिळते, आणि ती मोठी शीर पायांकडचं सगळं रक्त वर, यकृतामागून, थेट हृदयात नेते. गाठीची जीभ त्या वाटेने चढते. किती चढली त्यावर सगळं अवलंबून. यकृताच्या खाली असली तर एक ऑपरेशन, यकृतामागे गेली तर वेगळंच, आणि हृदयात पोचली तर छाती उघडून हृदय थांबवावं लागतं. आमच्या सर्जनला म्हणून सगळे 'टोक कुठे' म्हणायचे. असल्या केसमध्ये तो नमस्कार-चमत्कार काही न करता फोनवर तेवढंच विचारायचा.

पडद्यावर मोठी शीर पांढरी चमकत होती आणि तिच्या मधोमध काळसर काहीतरी.

"मॅडम, रक्त मिसळत असेल," श्वासराव म्हणाला. "पायांकडच्या रक्तात अजून डाय आलेली नाही. दोन पाणी एकत्र आल्यासारखं गढूळ दिसतं. आपण कितीदा बघतो."

"बघतो," मॅडम म्हणाल्या. "शेवटचा फेरा लाव. तीन मिनिटांनंतरचा."

तीन मिनिटांत सगळं रक्त एकसारखं होतं; गढूळपणा असेल तर जातो. शेवटचा फेरा आला. जीभ तिथेच होती, कडा पहिल्यापेक्षा स्पष्ट. मग मॅडमने सगळ्यात पहिला फेरा लावला, डाय नुकतीच धमन्यांत पोचते तेव्हाचा. त्या काळ्या जिभेत बारीक बारीक दोरे उजळले होते. साकळलेल्या रक्ताला असे दोरे नसतात. याला स्वतःचा रक्तपुरवठा होता. ते जिवंत होतं, खात होतं आणि वाढत होतं.

मग भिंतीतून मॅडमचा आवाज: "टोक यकृताच्या शिरांच्या तोंडापासून दोन सेंटीमीटर खाली. जागा आहे अजून." आणि मग, "यांचा आधी कधी फोटो झालाय का आपल्याकडे? तुलनेला?"

इथे मी श्वास धरला. कोणी सांगितलं नव्हतं तरी.

"नाही," श्वासराव म्हणाला.

मला ठाऊक होतं की झालाय. दादाने ओठांवर बोट ठेवलेलं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण मी तरी कोणत्या तोंडाने उठणार? माझा मेहुणा पाणी होता.

सर्जनचा फोन आला. टोक कुठे? मॅडमने सांगितलं. भराभर वाढतंय का? मॅडम म्हणाल्या, आधीचा फोटो नाही, सांगता येणार नाही. सर्जन म्हणाला, मग रांगेत घेतो. रक्तही कमी आहे त्यांचं, आधी ते भरून काढू. तारीख महिन्यानंतरची मिळाली.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर श्वासरावाने यंत्रात सात महिने मागे जाऊन 'पाणी दोन' उघडलं. हे त्याने मला पुढे सांगितलं. डाय नसल्यामुळे सगळं राखाडी होतं, पण अठ्ठावीस वर्षांच्या डोळ्याला पुरेसं होतं. डावीकडे तांदळाचा दाणा. उजवीकडे, मूत्रपिंडाच्या वरच्या कडेला, लिंबाएवढा फुगवटा. मूत्रपिंडाची शीर जराशी जाड. मोठी शीर मात्र तेव्हा साफ. जीभ अजून दारातच होती.

त्याने फोटो बंद केला. पुसून टाकता आला असता, तेवढा पासवर्ड त्याच्याकडे होता. पुसला नाही, आणि कोणाला दाखवलाही नाही. महिनाभर तो रोज सातला खुर्चीत बसला, दाढी करून घेतली, डबा घेतला, कामावर आला. डबा उघडत नव्हता. संध्याकाळी जाताना मागच्या आवारातल्या कुत्र्यांना घालायचा आणि रिकामा डबा घरी न्यायचा. कुत्री जाड झाली. मी चिडवलं, "वहिनीचा हात कुत्र्यांना मानवला हो."

आमच्या सर्जनचा एक नियम होता: पंधरा दिवसांपेक्षा जुना फोटो घेऊन तो चाकू धरत नसे. म्हणून ऑपरेशनच्या चार दिवस आधी दादाला एमआरआयमध्ये घातलं. शिरेतलं टोक त्यात जास्त नेमकं कळतं. ते यंत्र बोगद्यासारखं, आणि आतून ठोकाठोकीचा आवाज. दादा बाहेर आला तो केस विस्कटलेला. म्हणाला, "आत पत्र्याचं दुकान आहे का रे तुमचं?" पण हसताना त्याला दम लागला आणि वहिनीने त्याचा दंड धरला.

मॅडमने फोटो लावले. मी भिंतीशी.

"चढलंय," मॅडम म्हणाल्या. "शिरांच्या तोंडाशी आलंय. महिन्यात दोन सेंटीमीटर. एवढं वेगाने जाणारं आहे हे आधी कळलं असतं तर मी त्यांना महिना दिलाच नसता."

तेव्हा श्वासराव म्हणाला, "मॅडम, एक फोटो आहे."

माउसची टकटक ऐकू आली. माझ्या खिडकीवर एक म्हातारी कागद पुढे करून उभी होती, तिला मी हाताने थांबवलं.

"हे 'पाणी' म्हणजे कोण?" मॅडमने विचारलं.

"दादा."

"हा फोटो मला हवा होता."

"सात महिन्यांपूर्वी, की गेल्या महिन्यात?"

"दोन्ही वेळा," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नाही. "आधी नाव बदल. माणसाचं नाव टाक तिथे."

किबोर्डचा आवाज आला; एक अक्षर, थांबून दुसरं. मॅडमने सर्जनला फोन लावला आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. ऑपरेशन चार दिवसांनी होतं ते परवावर आलं. हृदयवाल्यांना बोलावून ठेवायचं ठरलं. आणि दुसऱ्या दिवसापासून एक ते दोन यंत्राच्या खोलीला कुलूप लागलं, चावी मॅडमच्या पर्समध्ये.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी दादाला भरती व्हायचं होतं. सातला श्वासराव नेहमीसारखा खुर्चीत बसला. दादाने कापड बांधलं, फेस केला, उजवा गाल साफ केला. वस्तरा धुतला, हनुवटी बोटाने वर केली, आणि पातं गळ्यावर टेकवलं. त्याच वेळी श्वासरावाने सांगितलं. दुसरी वेळ सापडली नव्हती का, असं मी त्याला पुढे विचारलं. तो म्हणाला, नाही, तीच बरी होती.

सगळं सांगितलं. डबा, डावीकडचा खडा, उजवीकडचा फुगवटा, मॅडमला म्हटलेलं 'नाही', वाया गेलेला महिना. सगळा वेळ पातं गळ्यावर.

"संपलं?" दादाने विचारलं.

"संपलं."

"मग श्वास धर. हलतोयस."

त्याने गळा साफ केला, अलगद. मग वस्तरा पुसून ठेवला, कापड सोडलं, झटकलं. डाव्या गालावर फेस तसाच होता.

"दादा, ही बाजू?"

"ही मी परत आल्यावर."

"असा कसा जाऊ कामावर?"

"जा ना. लोकांना हसू दे. मला तरी कुठे हसायला मिळणार आहे आठ दिवस?" मग आरशाखालची डबी उचलली, उघडून खड्याकडे पाहिलं आणि त्याच्या खिशात टाकली. "हा तुझा. तू पकडलायस." आणि दाराशी जाऊन पिशवीत टॉवेल कोंबत म्हणाला, "छोट्या, तुझ्या वहिनीला मी सांगणार नाही. ते तुझं तू बघ."

त्या दिवशी श्वासराव कामावर आला तो एक गाल गुळगुळीत, एका गालावर वाळलेला साबण आणि खुंट. मला काय माहीत काय घडलं ते! मी खिडकीतून ओरडलो, "श्वासराव, अर्धी दाढी उधारीवर का?" सिस्टर मंडळी फिदीफिदी हसली. तो बाथरूममध्ये जाऊन साबण धुऊन आला. खुंट तसेच ठेवले. ते वाक्य माझ्या तोंडात अजून कडू लागतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं. वहिनी आणि श्वासराव बाहेरच्या बाकावर. आत काय झालं ते भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नंतर श्वासरावाला सांगितलं. आपला माणूस म्हणून सांगितलं. परक्याला इतकं सांगत नाहीत. अन्ननलिकेतून एक बारीक सोनोग्राफी आत सोडलेली असते, हृदयाच्या अगदी मागे, म्हणजे टोक सतत पडद्यावर दिसत राहतं. टोक दिसत होतं. रक्ताबरोबर झुलत होतं. सर्जनने यकृत बाजूला केलं आणि मोठ्या शिरेला वरून फास घालायला हात घातला. आणखी एक मिनिट पुरलं असतं, असं भूलवाल्यांचं मत.

पडद्यावर टोक दिसत होतं, आणि मग ते दिसेनासं झालं.

तुकडा तुटून हृदयातून फुप्फुसात गेला होता. त्यांनी छाती उघडली, हाताने हृदय चालवलं, एक तास दहा मिनिटं. सर्जन बाहेर आला तेव्हा त्याच्या टोपीखालून घाम गळत होता. तो वहिनीशी बोलला, श्वासरावाकडे त्याने बघितलं नाही. "अगदी तोंडाशी आलं होतं," म्हणाला. "महिनाभर आधी असतं तर..." आणि वाक्य अर्धं सोडून गेला.

महिनाभर. वहिनीने तेवढाच शब्द पकडला.

दादा गेल्यावर चौथ्या दिवशी ती दुकानात केर काढत होती. श्वासराव वरून उतरला. डाव्या गालावर आता पाच दिवसांचे खुंट, उजव्यावर चार.

"भावजी," ती म्हणाली, "त्या दिवसापासून बघतेय. यांनी तुमची दाढी अर्धी का सोडली? यांनी आयुष्यात कोणाचं काम अर्धं टाकलं नाही."

मग त्याने तिलाही सांगितलं. उभ्यानेच. ती केरसुणी हातात धरून ऐकत होती. पूर्ण ऐकलं, मध्ये एकदाही बोलली नाही. आणि ही बाई म्हणजे एरवी भाजी निवडतानासुद्धा गप्प न बसणारी.

"डबा मी भरून दिला होता त्या दिवशी," ती शेवटी म्हणाली. "दोघांचा. यांनी सांगितलं, छोट्याबरोबर जेवतो आज."

तिने केरसुणी भिंतीला टेकवली. फळीवरून दादाचा वस्तरा घेतला, उघडला, पदराने पातं पुसलं, पुन्हा मिटला आणि त्याच्या हातात दिला.

"तुमची तुम्ही करा," म्हणाली. "आणि उद्यापासून डबा बाहेर बघा." आणि मागच्या बिऱ्हाडात जाऊन तिने दार लावून घेतलं. कडीचा आवाज झाला नाही, एवढंच त्याने मला सांगितलं. कडी तिने घातली नव्हती. पण त्याने ढकलून बघितलं नाही.

श्वासराव तासभर खुर्चीत बसला होता. मग वस्तरा फळीवर ठेवला आणि कामावर आला.

आता त्याची दाढी छातीपर्यंत आली आहे. दुकान दुसऱ्याने घेतलं, तिन्ही खुर्च्या बदलल्या. वहिनी माहेरी गेली. नवे पेशंट दाढीवाल्याला बघून जरा बिचकतात, पण माईकवर आवाज तोच येतो. फोटो खड्यासाठी असो की आणखी कशासाठी, तो दोन्ही मूत्रपिंडं बघतो, उजवीकडची शीर धरून मोठ्या शिरेत येतो, आणि ती हृदयात शिरते तिथपर्यंत बोट पडद्यावर फिरवत जातो. मागे रांग ओरडत असते. मॅडम काही म्हणत नाहीत.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी त्याच्या टेबलाच्या खणात पेन शोधत होतो. खणात ब्लेडची डबी होती. मी ती उघडली नाही. माझ्यासारख्या माणसाने उघडली नाही, यावरून काय ते ओळखा. घरी गेलो आणि मेहुण्याला फोन केला. म्हटलं, उद्या सकाळी समोरच्या दाराने ये, रांगेत उभा राहा आणि नाव सांग.